हरण्याची किंमत

जत्रेच्या फडात पैलवान कशासाठी लढतो? इनामासाठी आणि नावासाठी. इनाम जिंकणाऱ्याला मिळते. मग पैसे घेऊन खेळणारा माणूस मुद्दाम कशाला हरेल? तरीही नुरा कुस्ती हा शब्द आपल्याकडे आहेच. आतून ठरवून केलेली कुस्ती ती नुरा कुस्ती. असे का घडते, ते आज पाहू.

खेळावर पैज लागली की हरण्यालाही किंमत येते. कशी, ते हिशेबाने पाहू. पैजा घेणाऱ्याला बुकी म्हणतात. समजा, लोकांनी एका संघाच्या जयावर बुकीकडे १ लाख रुपये लावले. संघ जिंकला तर बुकीला पदरचे पैसे द्यावे लागतात. संघ हरला तर लाखभर रुपये त्याच्याच गल्ल्यात पडतात. त्यातले २० हजार त्याने खेळाडूला चारले, तरी ८० हजार उरतात. बुडतात ते लोक.

पैजा नुसत्या हारजितीवर लागत नाहीत. अमुक खेळाडू किती धावा काढील, यावरही लागतात. तेथे संघ जिंकला तरी बुकीचे काम होते. खेळाडूला वाटते, माझ्या चार धावा कमी झाल्या तर कुणाचं काय बिघडतं? मोह शिरतो तो येथेच.

घडलेली गोष्ट सांगतो. हॅन्सी क्रोनिए हा दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार होता. त्याला पैशाची वाण नव्हती. १९९६ साली कानपूरला सामना हरण्यासाठी त्याने बुकीचे पैसे घेतले. पैसे घेतले पण त्यासाठी काही केले नाही, असे तो पुढे चौकशीत म्हणाला. पण घेतलेला पैसा म्हणजे गळ्यातले दावे. त्याचे टोक दुसऱ्याच्या हाती असते.

२००० साली संघ पुन्हा भारतात आला. १९ मार्चला नागपुरात सामना होता. क्रोनिएने हर्शेल गिब्ज या खेळाडूला १५ हजार डॉलर देऊ केले. अट एवढीच, २० पेक्षा कमी धावा काढायच्या. गिब्ज हो म्हणाला. मैदानात मात्र त्याने ७४ धावा काढल्या आणि संघ जिंकला.

पुढच्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी क्रोनिए आणि बुकी यांचे टेलिफोनवरचे बोलणे उघड केले. क्रोनिएने कबुली दिली. त्याला जन्मभर खेळाची बंदी झाली. गिब्जने खेळात कसूर केली नव्हती. तरी हो म्हटल्याबद्दल त्यालाही ६ महिने बंदी झाली.

मग खेळाडूला लबाडीचे कारण असते का? असते. खेळण्याची वर्षे थोडी असतात. पगार तुटपुंजा असला तर गरजू माणूस फसतो. म्हणून पगार चांगला हवा. पण भरल्या पोटाचा माणूसही फसतो, हे क्रोनिएने दाखवले. म्हणून पहारा आणि शिक्षाही हवी.

आणखी एक गोष्ट आम्हाला सांगायची आहे. पैज लावणारा म्हणतो, माझा पैसा, मी लावीन. पण बुकी त्याच पैशाने खेळाडू विकत घेतो. आपण ज्याच्यावर पैज लावतो, त्याला बिघडवायला पैसा आपणच पुरवतो.

प्रश्न
१. संघ हरला तर बुकीचा फायदा कसा होतो?
२. गिब्जने ७४ धावा काढल्या, तरी त्याला शिक्षा का झाली?
३. खेळाडूला देण्यासाठी बुकीकडे पैसा कोठून येतो?