शेकडा एकाचा हिशेब

१८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन स्थापिले. कारागिरांच्या शिक्षणाचा भार संस्थानाने उचलला. पुढे १९९६ च्या कायद्यान्वये बांधकाममजुरांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चावर शेकडा १ उपकर बसला. त्यातून प्रशिक्षणही दिले जाते. सरकारी कामांत तो बिलातूनच कापून घेतात.

आता समजा, कंत्राटदाराने १०,००,००० रुपयांचे बिल वित्तसंस्थेस विकले. यास फॅक्टरिंग म्हणतात. संस्था येण्याच्या शेकडा ८० आगाऊ देते. उपकर वजा जाता येणे ९,९०,००० च. म्हणून हाती ७,९२,००० येतात, ८,००,००० नव्हेत. हे ८,००० आधी ध्यानी न घेतल्यास मजुरी अडते. ज्या मजुरासाठी उपकर, त्याचीच मजुरी चुकीच्या हिशेबापायी थकू नये. शेकडेवारी शिकण्याचे खरे प्रयोजन आम्ही हेच मानतो.