घर तपासणाऱ्याची जबाबदारी कोठवर?

जुने घर घेण्यापूर्वी ते जाणकाराकडून फी देऊन तपासून घेण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. हा तेथे एक स्वतंत्र व्यवसायच आहे. तपासनीस छप्पर, पाया, वायरिंग, नळ वगैरे पाहून लेखी अहवाल देतो. त्या अहवालावर विसंबून ग्राहक आयुष्यभराची कमाई गुंतवतो. पुढे दोष निघाला तर भरपाई कोणी द्यायची? कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाचे दिलेले उत्तर आपल्याकडील इंजिनियर, दलाल व ग्राहक या सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

ईस्टन खटला

१९७६ साली तेथील डायब्लो गावात एक घर १,७०,००० डॉलरला विकले गेले. घराखालची जमीन भरावाची होती व ती पूर्वी खचलीही होती. पण विकणाऱ्याने हे सांगितले नाही. थोड्याच काळात जमीन पुन्हा खचली. दलालांपैकी एकाने उतारावर लावलेली जाळी पाहिली होती, तर एकाच्या नजरेला वाकडी फरशी आली होती. तरीही कोणी चौकशी केली नाही. "आम्हाला दोष ठाऊक नव्हता" हा बचाव १९८४ मध्ये न्यायालयाने मानला नाही. धोक्याची खूण दिसत असेल तर तिची चौकशी करणे व ग्राहकाला सांगणे हे दलालाचे कर्तव्य ठरले. पुढे १९८७ पासून विकणाऱ्यालाही घरातील माहीत असलेले दोष ठराविक फॉर्मवर लिहून द्यावे लागू लागले.

तपासनिसांसाठी कायदा

१९९६ मध्ये मंजूर होऊन १९९७ पासून लागू झालेल्या कायद्यातील मुख्य बाबी अशा :

१) सावध तपासनीस जेवढी काळजी घेईल तेवढी घेतलीच पाहिजे. मात्र तपासणी तोडफोड न करता होते, म्हणून भिंतीच्या आत काय आहे याची हमी त्यात येत नाही.

२) घराची किंमत, इष्टता, राहण्यायोग्यता वा सुरक्षितता यांवर मोठा परिणाम करणारा दोष महत्त्वाचा. रंग किंवा सजावट यांचा त्यात समावेश नाही.

३) "नुकसानभरपाई फीच्या रकमेइतकीच मिळेल" असे कलम करारात घातले तरी ते रद्दबातल आहे.

४) काही अपवाद सोडता, तपासलेल्या घराच्या दुरुस्तीचे काम बारा महिने घेता येत नाही. कामे मिळावीत म्हणून दलालाला कमिशन देण्यासही मनाई आहे.

५) तपासणीच्या तारखेपासून चार वर्षांनंतर दावा करता येत नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दडलेल्या दोषासाठी तपासनिसाला सहसा जबाबदार धरले जात नाही. दिसलेले किंवा दिसायला हवे होते ते न लिहिल्यास मात्र तो अडकतो. म्हणून "छप्पर ठीक" एवढेच लिहून भागत नाही. "पश्चिमेकडील खोलीच्या छताला ओल आहे, कारण कळले नाही, तज्ज्ञाला दाखवावे" असे लिहावे. माळ्यावर जाता आले नाही तर तेही कारणासह नोंदवावे. फोटो, तारीख व ग्राहकाची पोच जपून ठेवावी.

आपल्याकडील स्थिती

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, ग्राहकाला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. नवीन इमारतीत ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे २०१६ चा रेरा कायदा सांगतो. फी घेऊन घर तपासणाऱ्या इंजिनियरविरुद्धही सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

तेव्हा ग्राहकाने अहवाल लेखीच मागावा, आणि तपासणाऱ्याने आपली फी कोण देतो हे विसरू नये. सौदा मोडेल या भीतीने गाळलेली एक ओळ पुढे फीच्या कित्येक पट महाग पडू शकते.