गुलाब मागवतेस ना, मग आधी हे ऐक

अगं, तो निळा गुलाब आधी यादीतून काढ. काळा आणि सप्तरंगीही काढ. तू पाठवलेले फोटो छान आहेत, पण ते रंगवलेले आहेत. गुलाबाच्या पाकळीत निळा रंग देणारं द्रव्यच तयार होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने वर्षानुवर्षं खपून, पॅन्सीच्या फुलातलं जनुक घालून २००९ साली निळा म्हणून जो गुलाब विकायला काढला, तोसुद्धा जांभळटच आहे. आणि कुणी गुलाबाचं बी विकत असेल तर तिथे थांबूच नको. बियांपासून त्याच जातीचं झाड येत नाही. नाव असलेला गुलाब हवा तर डोळा भरलेलं कलम घ्यावं.

नाशिकला एवढ्या नर्सऱ्या असताना कुरियरने झाडं कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. त्यांचंही अगदीच चूक नाही. नुसता लाल गुलाब हवा असेल तर तो जवळूनच आण. त्याची मुळं न हलता तो घरी येतो. पण तिथे नाव विचारलंस तर बहुतेक वेळा ‘डच आहे ताई’ एवढंच उत्तर मिळतं. लांब दांड्याचा, दिसायला देखणा, वास जवळजवळ नाहीच. तुला हवाय वास, मला माहीत आहे. तेवढ्यासाठी लांबून मागवणं मला पटतं. रंग पाहून मागवू नको, नाव घेऊन मागव.

नावं मी सांगते. ‘डबल डिलाइट’ घे. तो १९७७ सालचा, सायीच्या रंगाचा आणि कडेला लाल. ऊन लागेल तशी ती लाली पसरत जाते, त्यामुळे एकाच झाडावरची दोन फुलं सारखी दिसत नाहीत, आणि वास भरपूर. दुसरा ‘आइसबर्ग’, पांढरा, घोसाने फुलणारा. वासात तो मागे आहे, पण नवख्या हाताला सांभाळून घेतो आणि फुलत राहतो. तिसरा आपल्याकडे घडवलेला असावा असं मला मनापासून वाटतं. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. पण गुलाबावर त्यांचा जीव होता. ‘दिल्ली प्रिन्सेस’ आणि पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे, आणि चॉकलेटी छटेची ‘मोहिनी’ही आपल्याकडचीच. आपल्या उन्हात वाढवून निवडलेली ही झाडं आहेत, आणि तरीही लोक परदेशी फोटोंमागे धावतात याचं मला वाईट वाटतं. ‘मोहिनी’ मिळाली तर सोडू नको. परदेशातून थेट रोप मागवायचा विचार मात्र करू नको. त्याला आयातीचा परवाना लागतो, तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो.

सासूबाईंना देवाला वाहायला गावठी गुलाबी हवाय म्हणालीस ना, तो मागवायचा नाहीच. तो शेजारून मागून आण. पेन्सिलीएवढ्या जाड काडीचा तुकडा पावसाळ्यात लावलास तर बहुधा जगतो. गुलकंदही त्याच्याच पाकळ्यांचा चांगला होतो.

म्हणजे विकत घ्यायचे फक्त तीन. तुझी पंधराची यादी बघून माझ्या पोटात गोळा आला. तुझ्या गच्चीवर पाच-सहा तास ऊन लागणारी जागा आहे तरी किती? आणि घर, शाळा, मुलं सांभाळून पंधरा कुंड्यांकडे रोज बघणार कोण? तीन झाडं वर्षभर जगली तर पुढच्या वर्षी आणखी घे.

आता हे फक्त तुला सांगते. पैसे तुझ्या शिकवणीच्या कमाईतून भर, घरखर्चातून नको. एखादं झाड गेलं तर त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागायला नको. लग्नानंतर तू स्वतःसाठी म्हणून काही मागवल्याचं मला आठवत नाही. हे तरी तुझं एकटीचं राहू दे.

दिवाळी आटोपली की मागव. त्याआधी ऑक्टोबरचा उकाडा असतो आणि सणाच्या गर्दीत पार्सलं कुठेकुठे पडून राहतात. नोव्हेंबर ते जानेवारी, नाशिकच्या थंडीत, गुलाबाला याहून चांगले दिवस नाहीत. एप्रिल-मेमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी नको. पैसे भरण्याआधी फोन कर आणि विचार: कलम किती महिन्यांचं आहे, मातीच्या गोळ्यासकट पाठवणार की मुळं मोकळी करून, आणि रवाना कधी करणार. सोमवारी रवाना करा म्हणून सांग, म्हणजे खोकं रविवारी कुरियरच्या गोदामात अडकत नाही. जो माणूस या प्रश्नांना कंटाळतो त्याच्याकडून घेऊ नको.

खोकं आलं की त्याच दिवशी उघड, आणि उघडताना मोबाइलवर चित्रण कर. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. पानं पिवळी पडलेली असतील, काही गळतील. घाबरू नको. खोडाची साल नखाने जराशी खरवडून बघ, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. मुळं मोकळी असतील तर दोन-तीन तास बादलीत बुडवून ठेव. मातीचा गोळा असेल तर तो हातात घेऊन दाबून बघ. बंगालकडून किंवा आंध्रातल्या कडियमहून आलेली रोपं पुष्कळदा घट्ट चिकणमातीत बांधलेली असतात. ती माती वाळली की दगड होते. वरून पाणी घातलं तरी आत शिरत नाही, आणि रोज पाणी घालूनही झाड तहानेने मरतं. गोळा भिजत ठेव, बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडव. सगळी धुऊन काढू नको, बारीक मुळं तुटतात. डोळा भरलेल्या जागी प्लॅस्टिकची पट्टी राहून गेलेली असते, तीही बघ. ती काढली नाही तर खोड जाड होताना तिथेच आवळलं जातं.

कुंडी बारा इंची, खाली भोकं मोकळी. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको. कलमाचा जोड मातीच्या वर दोन बोटं राहायलाच हवा. थंड देशांत तो गाडतात, ते तिकडच्या बर्फासाठी. इथे गाडलास तर कुजेल.

मग आठवडाभर सावलीत, पुढे सकाळचं कोवळं ऊन, आणि मग पूर्ण ऊन. पहिला महिना वरून खत अजिबात नाही. रात्रभर एसटीने हादरत आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी देतो, लगेच पंगतीला बसवत नाही, तसंच हे. पहिल्या दोन-तीन कळ्या खुडून टाक. जीवावर येईल, मला माहीत आहे, पण झाडाला आधी मुळं धरू देत.

जोडाच्या खालून एखादा फुटवा भराभर वर आला तर हरखून जाऊ नको. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम बांधलंय त्याचा असतो. वाढू दिलास तर कलम खाऊन टाकतो. तो मुळापासून ओढून काढ. आणि एखादी फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली यायला लागली तर वाट बघू नको. काळ्याच्या खाली, हिरव्या भागात तिरपा छेद घे आणि वर बोर्डो पेस्ट लाव. आपल्याकडे सगळ्यात जास्त गुलाब याच रोगाने जातात, आणि बहुतेक वेळा पाणी कमी पडलं म्हणून गेला अशी समजूत करून घेऊन लोक आणखी पाणी ओततात.

छाटणी यंदा करायची नाही, फक्त सुकलेली फुलं काढत राहा. पुढच्या वर्षी पाऊस संपला की मी दोन दिवस येतेच तुझ्याकडे, तेव्हा दोघी मिळून करू. सिकेटर विकत घेऊ नको, माझं घेऊन येते.