एक हृदय, एक आत्मा : एका जर्मन वाक्प्रचाराचा पाठ

दोन जिवलगांविषयी आपण म्हणतो, 'कुडी दोन, पण जीव एक.' जर्मन माणूस अशा वेळी म्हणतो, 'झी झिंट आइन हेर्त्स उंट आइने झेले'. म्हणजे ती दोघे एक हृदय व एक आत्मा आहेत. 'हेर्त्स' म्हणजे हृदय. ते मराठीप्रमाणे जर्मनमध्येही नपुंसकलिंगी, म्हणून 'आइन'. 'झेले' म्हणजे आत्मा. तो मात्र तेथे स्त्रीलिंगी, म्हणून 'आइने'. हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

या शब्दांचे मूळ बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे. मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात ते आले. तेथे नुसत्या गोड बोलण्याची गोष्ट नाही. ते लोक आपापली मालमत्ता सर्वांची मानीत, असे त्याच ठिकाणी सांगितले आहे.

आता आमचे लोहारदा ज्या देवास जिल्ह्यात आहे, तिकडे पाहू. तुकोजीराव व जिवाजीराव पवार या दोघा भावांपासून देवासची दोन घराणी झाली. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी त्यांची राज्ये १९४८ पर्यंत एकाच शहरातून चालली. शहर एक, गाद्या दोन! एक रक्त आणि एक गाव एवढ्याने 'आइन हेर्त्स' होत नाही, हेच खरे. त्यासाठी 'माझे' सोडून 'आपले' म्हणावे लागते.

धर्मादाय निधीचेही मर्म हेच. हा वाक्प्रचार वाचकांच्या जिभेवर तर बसावाच. पण हातूनही घडावा, अशी आमची इच्छा आहे.