आदेशवहीतील रस्ता आणि जमिनीवरील रस्ता

वसाहतकालीन व्हर्जिनियात रस्ते काढणे, वळवणे व दुरुस्त ठेवणे हे काम काउंटी न्यायालयाकडे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा न्यायनिवाडा आणि कारभार एकत्रच पाहणाऱ्या स्थानिक जमीनदारांच्या मंडळाकडे असे. त्यामुळे लेखनिक ज्या आदेशवहीत दिवाणी दावे आणि खाणावळींचे परवाने उतरवी, तिच्यातच रस्त्यांचे हुकूमही विखुरलेले आढळतात.

या वह्या चाळणाऱ्याची पहिली फसगत बहुधा अशी होते, की रस्त्याच्या पाहणीचा हुकूम हाती लागताच तो नकाशावर रेघ ओढून मोकळा होतो. वस्तुतः रहिवाशांच्या अर्जावरून पाहणीदार नेमले जात, त्यांचा अहवाल कधी येई, कधी येतच नसे, आणि तो मंजूर झाला तरी रस्ता झालाच असे ठरत नाही. त्याहून भरवशाची नोंद म्हणजे त्या रस्त्यावर सर्व्हेअर, म्हणजे देखभालीचा मुकादम, नेमल्याची. आणि सर्वांत पक्की म्हणजे रस्ता नादुरुस्त ठेवल्याबद्दल ज्यूरीने त्याच्यावर ठपका ठेवल्याची, कारण नसलेल्या रस्त्यातील खड्ड्यांबद्दल कोणाला दंड होत नसतो. मुकादमाच्या हाताखाली परिसरातील करपात्र पुरुष राबत. मात्र हुकुमात पुष्कळदा मालकाचे नाव आणि 'त्याची माणसे' एवढेच असल्याने, नावे मोजून मजूर मोजणाऱ्याच्या हिशेबातून गुलाम नेमके गळतात.

सरहद्दींचा घोळ वेगळाच. हेन्रायकोतून 1728 मध्ये गूचलंड आणि त्यातून 1744 मध्ये अल्बमार्ल काउंटी निघाल्याने एकाच रस्त्याचा माग तीन न्यायालयांच्या वह्यांत घ्यावा लागतो. त्यातही अल्बमार्लच्या 1748 ते 1783 या काळातील आदेशवह्या गहाळ आहेत, तर हॅनोव्हरची बहुतेक जुनी कागदपत्रे 1865 मध्ये रिचमंडच्या आगीत गेली. तेव्हा नोंद नाही म्हणून रस्ता नव्हता, असे म्हणणे धाडसाचे ठरते. शिवाय 1752 पूर्वी तेथे वर्ष 25 मार्चला बदलत असल्याने फेब्रुवारी 1744 ची नोंद नोव्हेंबर 1744 च्या नंतरची असते, हे न जाणणाऱ्याच्या हातून मुकादम आधी आणि पाहणी मागाहून, असा उलटा क्रम लागतो.

नॅथॅनिएल मेसन पॉलेट यांनी काउंटीवार संकलित केलेले रस्त्यांचे हुकूम छापील उपलब्ध आहेत; नव्या अभ्यासकाने आरंभ तेथून करावा, हुकुमातील गिरण्या व उतार जमिनीच्या खरेदीखतांशी ताडून पाहावेत, आणि पुरावा तुटतो तेथे नकाशावरची रेघही तुटकच ठेवावी.