मुंबईची रात्र

मुंबई कधी झोपत नाही, असे म्हणतात. तिकडून आलेला पाव्हणा पारावर हेच सांगतो. पण ते सगळे खरे नाही. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल सुटते. पहिली लोकल पहाटे चारच्या पुढे. मधल्या दोन-तीन तासांत मुंबई बरीच निवते.

दिवसा पाय ठेवायला जागा नसते, तो फलाट मोकळा पडतो. चौपाटीवर समुद्राची गाज ऐकू येते. गाज दिवसाही असतेच, बरं का! पण मोटारींच्या आवाजात ती बुडून जाते. शिवाय रात्री जमीन थंड होते. तिच्या लगतची हवाही थंड होते. वरची हवा त्या मानाने गरम राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळतो आणि लांबवर पोचतो. पलीकडच्या वाडीतले भजन आपल्याला रात्री स्पष्ट ऐकू येते ना? त्याचे कारण हेच.

याच वेळी रुळांवर माणसे उतरतात. लोकलच्या डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्टची वीज असते. ती बंद केल्याशिवाय तारेला हात लावता येत नाही. गाड्या थांबल्याशिवाय ती बंद करता येत नाही. म्हणून बरीचशी डागडुजी रात्रीच उरकायची. दिवसा खिडकीशी बसणाऱ्याला ही माणसे दिसतही नाहीत.

आम्हांला मात्र परळची रात्र फार जड वाटते. तेथे केईएम इस्पितळ 1926 साली सुरू झाले, टाटा कॅन्सर इस्पितळ 1941 साली. गावोगावचे रोगी तेथे येतात. रोगी आत, नातेवाईक बाहेर. कित्येक जण फूटपाथवरच पथारी टाकतात. दिवस रांगेत निघून जातो. रात्र खायला उठते. शेजारी अंगाला अंग लागून माणूस निजलेला असतो, तरी जीव एकटाच. अशा वेळी कुणी नुसतं "कुठलं गाव, दादा?" म्हटलं, तरी धीर येतो.

आपल्यावर ही पाळी आली, तर इस्पितळात 'समाजसेवा विभाग' ही पाटी शोधावी. आता आपल्याला वाचता येते. राहण्याची चौकशी तेथे करावी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरचे रोगी आणि त्यांचे सोबती तेथे उतरतात.

चार वाजून गेले की पहिली लोकल धडधडत येते. फूटपाथवरची मंडळी पथाऱ्या गुंडाळतात आणि तांब्या घेऊन पाण्याच्या शोधात निघतात.