कान्हेरीची पोढी आणि आपल्या घरातला पिंप

बोरिवलीची कान्हेरी लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी, आणि सुमारे हजार वर्षे नांदलेला भिक्खुसंघ. पुढच्या वेळी जाल तेव्हा बुद्धमूर्तींना वंदन करून झाल्यावर तिथली पाण्याची सोयही मुलांना दाखवा.

तिथला ओढा पावसाळा संपला की आटतो. म्हणून लेण्यांच्या माथ्यावर कातळात पन्हळी कोरल्या. पावसाचे पाणी त्यांतून दाराशेजारच्या टाक्यात उतरते. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेखही तिथे आहे. आपल्या शेजारच्या गावचा कारागीर पाणी देण्याला पुण्यकर्म मानत होता.

टाक्याचे तोंड लहान आणि पोट कातळाच्या आत. ऊन लागत नाही, म्हणून वाफ कमी होते आणि शेवाळही कमी धरते. भिक्खूजवळ असाव्यात अशा आठ वस्तूंत पाणी गाळायचे कापडही होते. पाण्यातले बारीक जीव मरू नयेत, हा त्यामागचा हेतू.

गाळण्याचा फायदा आजही आहे. बांगलादेशातील गावांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. मात्र कापडाने सगळे जंतू अडत नाहीत. म्हणून पाणी गाळल्यावर उकळायलाच हवे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत पाणी ठरावीक वेळीच येते आणि आपण ते पिंपात साठवतो. तेव्हा एवढे पाळा :

१. पिंपावर घट्ट झाकण ठेवा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामा करा, आतून घासा आणि कोरडा करा.

२. पिण्याचे पाणी वेगळ्या भांड्यात ठेवा. पाणी दांड्याच्या ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका.

३. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या.

४. नळाला पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका.

हे चौथे नीट समजून घ्या. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब जातो. वाहिनी गटारातून गेली असेल आणि तिला भोक असेल, तर घाण आत ओढली जाते. मग एकाच गल्लीत चार घरांत जुलाब, कावीळ सुरू होते. अशा वेळी "बाहेरचे खाल्ले असेल" म्हणून गप्प बसू नका. गल्लीतल्या रुग्णांची नावे आणि तारखा लिहा, सह्या घ्या, पाण्याची तपासणी व वाहिनीची दुरुस्ती नगरपालिकेकडे लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. ते पाणी शुद्ध मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. घरातला पिंप आपण सांभाळू. रस्त्याखालची वाहिनी सांभाळणे हे पालिकेचे काम आहे आणि ते तिच्याकडून करून घ्यायचे आहे.